घराण्याची गाठ

नाना कुणाकडेही गेले की बसायच्या आधी खुर्ची उलटी करत. यजमान आपला "बसा, बसा" म्हणतोय, पाणी आणायला सांगतोय, आणि हे गुडघे टेकून खुर्चीच्या पोटाखाली डोकं घालून बसलेत! एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांनी रांगेतल्या एका बाईंना उठवून त्यांची खुर्ची पालथी घातली. डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांचे नक्की डोळेच दाखवायचेत ना?"

थोरली म्हणजे नानांची मोठी मुलगी. आई गेली, धाकटी बहीण लग्न करून दूरदेशी गेली, आणि मागे उरले हे बापलेक नि वेताच्या खुर्च्या. दुकानामागच्या खोलीत दोघं दिवसभर विणत बसत. टबात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या, खोलीभर ओल्या गवताचा वास, आणि दुपारी खिडकीशी टांगलेल्या खुर्च्यांच्या जाळीतून उन्हाचे ठिपके जमिनीवर पसरलेले. त्या ठिपक्यांत नानांना हमखास डुलकी लागायची. झोपेतही त्यांची बोटं मांडीवर गाठी मारत असायची.

सगळा घोळ त्या गाठीचा होता. खुर्चीची बैठक विणून झाली की शेवटची पट्टी खालून ओढतात, वळवतात आणि कोपऱ्यात बांधून टाकतात. झाडून सगळे विणणारे ती उजवीकडे वळवतात. नाना डावीकडे वळवत. त्यांचे वडीलही डावीकडेच वळवायचे, आणि आता थोरलीही. बाजारातल्या दुसऱ्या एका विणणाऱ्याने एकदा हसत म्हटलं होतं, "नाना, तुमची गाठ उलटी आहे हो." नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. "उलटी तुझी! ही आमच्या घराण्याची गाठ आहे. जगात ज्याच्या हाताला ही असेल तो आमच्या रक्ताचा."

आणि रक्ताचं माणूस त्यांना हवंच होतं. डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंनी धुकं येत चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. "आहे तेवढी नजर जायच्या आत एकदा तरी आपल्या नाकाचा माणूस बघायचाय मला," नाना म्हणायचे. नाक खरंच दांडगं होतं. एवढं मोठं नाक एकाच घरात कसं मावेल, असा त्यांचा साधा हिशेब.

घराबद्दल त्यांना काय ठाऊक होतं? वडिलांनी सांगितलं तेवढं. गावाचं नाव नाही, आडनावाचा पत्ता नाही, पण घर मात्र असं की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. लांबच लांब खोली, दोन्ही अंगांना खिडक्या. जेवायची घंटा व्हायची आणि एका वेळी शंभर ताटं मांडली जायची. सगळ्या मुलांना एकाच ताग्याचे कपडे. केस कापायचे तेही सगळ्यांचे एकाच दिवशी. "न्हावी घरी यायचा, घरी!" नाना बोट नाचवून सांगत. "केवढा बारदाना असेल बघ. आणि माझे बाबा त्या घरातून एकटे बाहेर पडले. भांडण झालं असणार इस्टेटीवरून."

थोरली लहानपणी हे ऐकून हरखून जायची. मग मोठी होता होता एकदा वेत तासताना तिला ते सगळं एकदम दिसलं. शंभर ताटं, घंटा, एकसारखे कपडे, एकाच दिवशी कापलेले केस. आणि त्या अख्ख्या गोष्टीत एकही काका नाही, आत्या नाही, आई नाही. असलं घर कुठलं असतं हे तिला कळलं, आणि नानांना ते कधीही कळू नये असं तिने ठरवून टाकलं. तेव्हापासून नानांनी खुर्ची उलटी केली की तिचा श्वास अडकायचा, आणि गाठ सुलटी निघाली की जिवात जीव यायचा. बाप जे डोळ्यांत प्राण आणून शोधतोय ते सापडू नये अशी इच्छा धरायची म्हणजे काय असतं, ते तिचं तिलाच माहीत.

नाना सकाळी चहा पिता पिता बातमी सांगावी तसं स्वप्न सांगायचे.

"आज पुन्हा गेलो होतो."

"कुठे?"

"घरी. सगळे बसले होते विणत. पण पाठमोरे गं. एक जण वळून बघेल तर शपथ."

"हाक मारायची."

"काय म्हणून मारू? नावं कुठे माहीत आहेत मला?"

थोरली दूध आणते म्हणून आत गेली आणि जरा वेळ तिथेच उभी राहिली.

मग जुन्या सामानाच्या दुकानदाराने काही खुर्च्या दुरुस्तीला पाठवल्या. नानांनी सवयीने एकीच्या खाली हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

"थोरले, ही तू विणलीस?"

"नाही."

"मीही नाही."

गाठ डावीकडे वळलेली होती. वेत अजून पिवळाधमक होता, म्हणजे विणणारा हयात होता. नाना त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, नदीकाठच्या गावात एक म्हातारी बाई विणते, मुंगीताई म्हणतात तिला. थोरलीने शंभर कारणं काढली. ऊन आहे, गुडघे दुखतील, फोनवर बोलू. नाना तोवर इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते.

बसमध्ये दोघांनाही झोप लागली. थोरलीला जाग आली तेव्हा नदी रस्त्याच्या कडेने चालत असल्यासारखी वाटत होती, आणि नाना काचेवर डोकं टेकून झोपेतच हसत होते. आपण पोचूच नये, ही बस अशीच चालत राहावी, असं तिला मनापासून वाटलं. पण बसचालकाला कुणाच्या मनाचं काय पडलंय! त्याने बरोबर नदीकाठी आणून उतरवलं.

पत्ता विचारत गेले ती एक लांबट बैठी इमारत होती. आत कुठल्याशा कचेरीचं मोडकं सामान रचून ठेवलेलं होतं, एकमेकांवर चढलेली टेबलं, पाय गेलेली कपाटं. दोन्ही अंगांना खिडक्या होत्या आणि त्यांतून येणारं ऊन धुळीत तरंगत होतं. नाना उंबऱ्यातच थबकले. एक हात भिंतीला लावून ते हळूहळू चालायला लागले, खिडकी आली की थांबायचे, पुन्हा चालायचे. जमिनीवर दोन्ही बाजूंना खाटांच्या पायांनी पडलेले खळगे होते, ओळीने, अगदी टोकापर्यंत. थोरलीने ते पाहिले. नानांना तेवढं दिसत नव्हतं.

"आलो की गं!" ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या लांब खोलीत फिरून परत आला. "हेच ते. आमचं घर."

"माझंही," टोकाकडून कुणी तरी म्हणालं.

शेवटच्या खिडकीखाली एक चिमुकली म्हातारी स्टुलावर बसून खुर्ची विणत होती. तिच्यासमोर दुसरं रिकामं स्टूल होतं. मुंगी हे नाव कुणी ठेवलं असेल त्याला बक्षीस द्यायला हवं होतं.

"नाक बघ, नाक," नाना थोरलीच्या कानात कुजबुजले.

"बसकं आहे."

"असू दे. आईवर गेली असेल." ते घाईघाईने पुढे झाले आणि समोरच्या स्टुलावर बसले. "ताई, तुम्ही याच घरातल्या?"

"याच. डोळेसुद्धा उघडले नव्हते तेव्हापासूनची आहे मी इथे."

"नाना, परतीची बस चुकेल," थोरली म्हणाली. तिच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

"म्हणजे थोरल्या पातीतल्या की धाकट्या? तुमचे वडील कोण?"

मुंगीताईंनी वेत खाली ठेवला. हा माणूस चेष्टा करतोय की काय, हे त्यांनी आधी थोरलीकडे बघून ताडून पाहिलं. मग त्यांचा चेहरा मऊ झाला.

"ते कुणाला माहीत, दादा? मला पायरीवर ठेवून गेलं कुणी तरी. इथल्या सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच. अनाथाश्रम होता हा."

झालं. थोरलीने इतकी वर्षं जे जिवापाड झाकलं ते एका वाक्यात उघडं पडलं. खिडकीवर एक पारवा घुमत होता.

"माझे बाबा सांगायचे, शंभर ताटं असायची," नाना म्हणाले.

"असायचीच की."

"न्हावी घरी यायचा."

"यायचा मेला, आणि कान कापायचा!" मुंगीताई हसल्या. "त्यांनी तुम्हाला खोटं काहीच सांगितलं नाही. इथून बाहेर पडताना मोठी मुलं लहानांना हेच शिकवायची. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, फक्त म्हणायचं, आमचं घर मोठं होतं. पुढचं लोक आपापलं समजून घेतात."

"आणि ही डावीकडची गाठ?"

"ती आमच्या विणकामाच्या मास्तरांची. ते पुढे उभे राहून दाखवायचे, आम्ही रांगेने समोर बसलेलो. त्यांची पट्टी त्यांच्या उजवीकडे वळायची, ती समोरून आम्हाला डावीकडे दिसायची. दिसलं तसं आम्ही केलं. एकेकाच्या मागे येऊन हात धरून शिकवायला त्यांना सवड कुठली? बैठक घट्ट बसली की ते पुढे जायचे. इथल्या प्रत्येक पोराची गाठ उलटीच."

"म्हणजे आपण एकमेकांचे कुणी नाही."

"रक्ताचे म्हणाल, तर नाही."

नाना उठले. उठताना त्यांनी थोरलीचा खांदा धरला, तेव्हा त्यांचा हात तिला फार जड लागला. "तुला माहीत होतं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. विचारलंसुद्धा नाही. तिला रडू फुटलं. "हो, नाना," ती म्हणाली. ते रागावले नाहीत, हेच तिला सोसवेना. त्या मोठ्या घरातली सगळी माणसं एका दुपारी गेली होती, आणि रागवायला तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

"मुलं आहेत तुम्हाला?" निघताना काही तरी बोलायचं म्हणून नानांनी विचारलं.

"एक आहे. तोही विणतो. पण त्याची गाठ सुलटी येते."

"ती कशी?"

"माझीच शिकवणी. समोर बसवून दाखवलं ना त्याला, मला दाखवलं होतं तसं. उलट्याचं उलटं झालं आणि पोर सुलटं निघालं. शिकवायची दुसरी तऱ्हा मला कुठे ठाऊक होती?"

नाना दोन पावलं चालले आणि थांबले. त्यांनी आपले हात वर धरले आणि धुकट डोळ्यांनी बघत राहिले. बोटं हवेतच वळली, डावीकडे.

"थोरले," ते म्हणाले, "बाबांनी मला समोर बसवलं असतं तर माझी सुलटी आली असती."

"हो, नाना."

"मला मांडीत घेतलं होतं त्यांनी. माझी पाठ त्यांच्या पोटाला. मागून दोन्ही हात धरले होते माझे. त्यांच्या दाढीचे खुंट टोचायचे इथे, कानाशी." त्यांनी कानाला हात लावला. "म्हणून माझी अगदी त्यांच्यासारखी आली. तुलाही मी तसंच शिकवलं."

मुंगीताई एकटक बघत होत्या. "पण त्यांना तसं कुणी घेतलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "इथे कुणालाच घेत नव्हते. मग त्यांना सुचलं कुठून?"

नाना रडत होते, पण आता ते पाठ ताठ करून उभे होते. मुंगीताईंनी खाली ठेवलेला वेत उचलला, तो हातात फिरवत राहिल्या, आणि जरा लाजत म्हणाल्या, "दादा, कसं धरलं होतं ते मला दाखवाल?"

नाना समोरच्या स्टुलावर बसले नाहीत. भिंत चाचपत ते वळसा घालून मुंगीताईंच्या मागे गेले, वाकले, आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवरून हात पुढे आणून त्यांनी त्यांचे सुरकुतलेले हात धरले. चार हातांनी मिळून वेताची पट्टी खालून ओढली, डावीकडे वळवली आणि आवळली. आयुष्यभर बांधलेली तीच ती गाठ.

मुंगीताईंनी ती बोटांनी चाचपली. मग नखाने सोडवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "पुन्हा एकदा."