चोरून खाल्लेली अंडी

खोटं बोलणाऱ्या माणसाशी संसार करायचा म्हणजे बाईला घरातल्या घरात पोलीस व्हावं लागतं, आणि बायको पोलीस झाली की नवरा चोर झाल्यावाचून राहत नाही. आधी कोण काय झालं ते विचारू नका. चाळीस वर्षांनंतर ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्या मंगळवारी सकाळी मात्र चोरी मुद्देमालासकट सापडली होती. गॅलरीतल्या कुंडीत, दोन बोटं मातीखाली, अंड्याची टरफलं.

"हे काय आहे?" बायकोने, म्हणजे तागडीने, टरफलं टेबलावर ओतली.

नवरा बूट घालायला वाकला होता, तो वर बघेचना.

"खत असेल," तो म्हणाला.

"उकडलेल्या अंड्याचं खत?"

"झाडांना चांगलं असतं म्हणे."

"झाडांना! आणि आतलं कोणाच्या पोटात गेलं? झाडाच्या?"

तागडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ती एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होती. पावडर तोलायची, पुड्या बांधायच्या, बाटलीवर खुणेची पट्टी चिकटवायची. पिशवीतली साखर नुसती हातात धरून ती वजन सांगायची आणि दहा ग्रॅमचाही फरक पडायचा नाही, म्हणून गल्लीने तिला तागडी केलं. तिलाही त्या नावाचा अभिमानच होता. दवाखान्यात ती एकच नियम शिकली आणि पाळली: चिठ्ठीवर असेल ते द्यायचं, पेशंट तोंडाने काय सांगतो ते ऐकायचं नाही. पेशंट काय, वाट्टेल ते सांगतो. "डॉक्टर म्हणाले, झोपेच्या गोळ्या दुप्पट द्या." म्हणाले असतील, तर लिहून आण बाबा.

आणि नवरा मिळाला तो असा. लिफ्ट दुरुस्त करणारा, हसरा, हाताला यश असलेला आणि खाण्याच्या बाबतीत एक नंबरचा थापाड्या. त्याला साखरेचा आजार निघाला तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आठवड्याभरात त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, क्रीमची बिस्किटं सापडली. मग शपथा वाढल्या, बिस्किटांच्या जागा बदलल्या. मग रक्तदाब आला. मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी किडनीचं नाव काढलं आणि एक छापील तक्ता दिला: प्रोटीन कमी, मीठ कमी, पाणी मोजून. तागडीने तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला, वजनकाटा काढला आणि त्या दिवसापासून घरात त्या तक्त्याचं राज्य सुरू झालं. वाटीत किती डाळ, तर एवढी. मासा बंद, अंडं बंद, चिकन बंद. हृदयाचंही बघायला हवं म्हणून तेलाला तिने आपल्या मनाने कात्री लावली, ती वेगळीच.

एवढं करून चार महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालंच. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. हॉस्पिटलची गाडी त्याला न्यायची आणि आणून सोडायची. आत नातेवाइकांना बसू देत नसत, म्हणून तागडी घरीच थांबायची.

"मी तुला सांगितलं होतं," बूट सोडून नवरा आता खुर्चीत बसला होता. त्याचा श्वास लागला होता, एवढ्या वाकण्याने. "त्या आहारवाल्या बाईंनीच सांगितलंय. डायलिसिस सुरू झालं की उलटं असतं. प्रोटीन वाढवायचं."

"हो का? उलटं?"

"दोन-तीन अंडी रोज. पांढरं जास्त. मासा, चिकन..."

"केक राहिला वाटतं."

तो पुन्हा बूट चढवायला लागला. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने तिला एक कागदही दाखवला होता. लिफ्टच्या कुठल्याशा पावतीची मागची कोरी बाजू, आणि त्यावर त्याच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात: अंडी रोज, मासा, चिकन, डाळ वाटीभर. तागडी तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. पेशंट आता स्वतःच स्वतःची चिठ्ठी लिहायला लागला! तिने कागद फाडला आणि कचऱ्यात टाकला. दुसऱ्यांदा त्याने जेवताना विषय काढला, तेव्हा ती हसली नाही, चिडली. आजची ही तिसरी वेळ.

"अहो, आज काय दिवस आहे, कळतंय का तुम्हाला?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम फुटला. "आज रिपोर्ट आहे. तीन आठवड्यांवर ऑपरेशन आहे. मी माझी किडनी काढून देतेय तुम्हाला, आणि तुम्हाला एक अंडं सोडवत नाही?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरला, आणि त्याच्या शर्टाच्या पाठीला जिथे खांदे असायला हवेत तिथे नुसती कापडाची घडी पडलेली तिने पाहिली. हे सगळं चोरून खाण्यामुळे, तिने मनाशी म्हटलं. रक्तात विष साठतं, मग माणूस असा झिजतो. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेचासुद्धा राग आला.

बारा वाजता ती सर्जनसमोर बसली होती. नवरा वरच्या मजल्यावर मशीनला जोडलेला. सर्जनने कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढला.

"ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल."

"का? माझं काही निघालं का?" तिने आधी स्वतःवरच शंका घेतली.

"तुमचं उत्तम आहे. त्यांचं नाही. चार महिन्यांत नऊ किलो कमी झालेत. रक्तातलं अल्ब्युमिन, पोषणाची खूण असते ती, फार खाली आलंय. अशा अंगावर टाके घातले तर जखम भरायची नाही, आणि जंतुसंसर्ग झाला तर मी त्यांना वाचवू शकणार नाही. तीन महिने देतो. तब्येत सुधारली तर बघू."

"आणि नाही सुधारली तर?"

सर्जनने चष्मा पुन्हा घातला. "तर ऑपरेशन नाही. जेवतात ना ते नीट?"

"मोजून घालते मी," तागडी म्हणाली.

"आहारतज्ज्ञांना भेटा. तळमजला, खोली नऊ."

जिन्यावरून उतरताना तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. आता त्या आहारवाल्या बाईकडूनच त्याची चांगली हजेरी घ्यायला लावायची. बायकोचं ऐकत नाही ना, ठीक आहे. ज्या बाईचं नाव पुढे करून थापा मारतो, तिच्याच तोंडून ऐकू दे.

नऊ नंबरच्या खोलीत तिशीची मुलगी बसली होती, केस कसेबसे बांधलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. तागडीने पिशवीतून वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली. चार महिन्यांचं प्रत्येक जेवण, ग्रॅमसकट, तारखेसकट.

"बघा ताई. माझ्याकडून एक दाणा इकडचा तिकडे नाही. पण ते चोरून अंडी खातात. आज टरफलं सापडली मला. तुम्ही जरा दम द्या त्यांना. माझं नाही ऐकत ते."

मुलीने वही उघडली. पहिलं पान हसत वाचलं. दुसऱ्या पानावर हसू गेलं. मग तिने भराभर पानं उलटली, थेट शेवटच्या आठवड्यावर आली, आणि बोट ठेवून एक ओळ पुन्हा वाचली.

"काकू, हे कोणी सांगितलं तुम्हाला? एवढीशी डाळ, अंडं नाही, मासा नाही, तेल अर्धा चमचा?"

"डॉक्टरांनीच. छापील तक्ता आहे. आणला असता तर..."

"कधीचा?"

"दोन वर्षांचा."

"तो डायलिसिसच्या आधीचा, काकू." मुलगी आता हळू बोलत होती. "तेव्हा तो बरोबर होता. किडनीवर भार नको म्हणून प्रोटीन कमी ठेवतात. आता मशीन रक्त साफ करतं, पण त्याच्याबरोबर अंगातलं प्रोटीनही थोडं थोडं वाहून जातं. ते भरून काढावं लागतं. मीठ, पाणी तुम्ही सांभाळलंत ते योग्यच आहे. पण अंडी, मासे, डाळ वाढवायला हवी होती. आणि तेलसुद्धा तोडलंत, म्हणजे ताकद यायची कुठून? अंग स्वतःचंच मांस जाळतंय."

"पण ते अंडी खातात ना चोरून..."

"त्याच्यावरच तग धरलाय त्यांनी. तीसुद्धा खाल्ली नसती तर ते आज जिना उतरू शकले नसते."

खोलीतला पंखा फिरत होता. तागडीला सकाळचा जिना दिसला, आणि ती शर्टाची घडी.

"मी काकांना सगळं समजावलं होतं," मुलगी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. प्रिंटर बंद पडला होता, म्हणून त्यांनाच लिहून घ्यायला लावलं. दर महिन्याला विचारतेही. म्हणतात, बायको मस्त करून घालते, अंडी, मासे, सगळं. वजन घटतंय तरी म्हणतात, मशीनमुळे असेल. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?"

आता इथे थांबा जरा. आयुष्यभर खोट्याच्या मागे काठी घेऊन धावलेली ही बाई. वजनात दहा ग्रॅमचं खोटं सहन न होणारी. समोरची मुलगी लेक शोभेल अशा वयाची, आणि बाहेरच्या बाकावर चार माणसं, दार उघडं. एक 'हो, सांगितलं' म्हणायचं होतं. एवढंसं. पण त्या 'हो'च्या मागून आपण काय केलं हे सगळंच्या सगळं बाहेर येणार होतं.

"नाही," तागडी म्हणाली. "मला काही बोलले नाहीत."

म्हणाली आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुलीने मान हलवली. "पुरुष असेच असतात, काकू," असं काहीतरी ती पुटपुटली, आणि तिने वरच्या मजल्यावर फोन लावला. डायलिसिस संपलं असेल तर काकांना खाली पाठवा.

ती दहा मिनिटं तागडीने कशी काढली ते तिचं तिला माहीत. वरती त्या खाटेवर चार तास पडून राहणारा माणूस दर महिन्याला लोकांना सांगत होता, बायको मस्त करून घालते. घरी उपाशी, आणि इथे बायकोची अब्रू झाकत बसलेला. आणि आपण? त्याच्या माथ्यावर आपलं पाप थापून मोकळे! उठून पळून जावं असं तिला वाटलं. पण जाणार कुठे?

वॉर्डबॉयने चाकाची खुर्ची आत ढकलली. नवऱ्याच्या दंडाला पट्टी होती, चेहरा पांढराफटक. बायकोला बघून तो नेहमीसारखा हसला.

"काय म्हणाले सर्जन?"

"काका," मुलीने बायकोला बोलूच दिलं नाही. तिचा आवाज आता कडक झाला होता. "ऑपरेशन पुढे गेलं. कदाचित होणारही नाही. मी तुम्हाला एवढं समजावलं, लिहून घ्यायला लावलं, आणि तुम्ही घरी एका शब्दाने सांगितलं नाहीत? काकू बिचाऱ्या जुनं पथ्य पाळत बसल्या."

त्याचं हसू विझलं. ऑपरेशन नाही, हे त्याच्या आत उतरायला जरा वेळ लागला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. खोटं बोलल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? हयात गेली होती त्याची त्यात.

"राहून गेलं," तो म्हणाला.

"राहून गेलं?"

"विसरलो, ताई. वय झालं. तिला काही बोलू नका, तिने सगळं बरोबर केलं. माझीच चूक आहे."

"अहो पण काका, असं कसं कोणी..."

"खोटं बोलतायत ते," तागडी म्हणाली.

मुलगी थांबली. वॉर्डबॉय दारातच उभा राहिला.

"तीनदा सांगितलं मला. कागद दाखवला. त्यांचं अक्षर बघून मी हसले, आणि फाडून टाकला. आज सकाळीसुद्धा सांगितलं, तरी मी त्यांनाच घालूनपाडून बोलले." "आणि मघाशी तुमच्याशी मी खोटं बोलले. उपाशी मारलं मी त्यांना, ताई. तोलून तोलून उपाशी मारलं."

मग ती रडली. पदर नाही, रुमाल नाही, तशीच रडली, बाहेरच्या बाकावरच्या चौघांना ऐकू जाईल एवढ्याने.

नवरा अवघडून गेला. सुया टोचून घ्यायची त्याला सवय झाली होती; बायकोला रडताना बघायची नव्हती.

"कशाला बोललीस गं?" तो खाली वाकून कुजबुजला. "मी घेतलं असतं ना सांभाळून."

"पुरे झालं तुमचं सांभाळून घेणं. आता एकदा तरी खरं बोला माझ्याशी."

"खरं सांगू?"

"सांगा."

त्याने आधी त्या मुलीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या तिच्या अर्ध्या डब्याकडे, आणि मग बायकोकडे.

"भूक लागलीय गं," तो म्हणाला. "चार महिने झाले, मला सारखी भूक लागलीय."