टॉवेलची दांडी

मी कंडक्टर होते. उभी हयात चालत्या बसमध्ये गेली. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात चिमटा, आणि तिसरा हात देवाने दिला नाही म्हणून मी कधी काही धरलंच नाही. ड्रायव्हर कितीही आडदांड असो, वळणावर मी जागची हलायची नाही. नव्या पोरापोरींनी पाय कसे रोवायचे ते माझ्याकडे बघून शिकून घेतलं. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. म्हणजे, फुशारकी मारायलाच सांगते, पण खरं आहे.

तर अशी मी, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बाथरूममध्ये आडवी झाले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं. तिथून मुलाने मला थेट आपल्या घरी नेलं. मुलाचं घर चांगलं आहे. सून तर फारच गुणाची आहे, पण हे मी तिच्या तोंडावर म्हणणार नाही. त्या घरात मी पाण्याच्या भांड्याकडे नुसतं बघितलं तरी ते हातात यायचं. “आई, तुम्ही उठू नका, मी देते.” अंघोळीला बसले की दार अर्धं उघडं आणि बाहेर सून उभी. तिची बिचारीची काय चूक? पण माझं डोकं फिरायचं.

मला माझ्या घरी जायचं होतं. तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या पगारातून घेतलेलं. दारावर पाटी माझ्या नावाची. आमचे हे होते तेव्हाही पाटी माझ्याच नावाची होती आणि ते ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. मुलगा म्हणायचा, “आई, आता एकटीने नाही राहायचं. फरशी निसरडी, वय झालेलं.” रोज तेच. शेवटी तह झाला. हॉस्पिटलमधली थेरपिस्ट घर बघायला येणार होती. पेशंट घरात नीट वावरू शकेल का, घरात काय बदलावं लागेल, हे बघणं हेच तिचं काम. ती राहा म्हणाली तर मी राहायचं. नको म्हणाली तर घर भाड्याने द्यायचं आणि मी पुन्हा तोंडातून त्याचं नाव काढायचं नाही. मी शब्द दिला.

ती यायच्या आदल्या दिवशी मुलगा आणि सून जाऊन घर आवरून आले. मुलाने मोबाइलवर वाचलं होतं की चालायची वाट मोकळी हवी, अडगळ नको. मग काय, दोघांनी पदर खोचला. सतरंज्या गुंडाळल्या, जेवायचं टेबल भिंतीला चिकटवलं, कपाट आतल्या खोलीत ढकललं, माझं लोखंडी पायांचं शिलाई मशीन गॅलरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर बोललेलं घुमत होतं. मुलाच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखा आनंद. मलाही बरं वाटलं. म्हटलं, येऊ दे आता त्या बाईला, काय चूक काढते ते बघू.

बाई कसली, एवढीशी पोरगी. पाठीवर सॅक, गळ्यात शिंप्यासारखी टेप. आल्या आल्या म्हणाली, “नमस्कार आजी.”

“आजी नको म्हणूस. मावशी म्हण.”

“बरं, मावशी. सकाळी उठल्यावर जे जे करायचात ते करून दाखवा. घाई नाही.”

मी पलंगावर बसले, उठले, आणि वॉकर तिथेच सोडला. “आई, वॉकर!” मुलगा ओरडला. त्या पोरीने त्याला हाताने थांबवलं, माझ्या कमरेला एक जाड पट्टा बांधला आणि तो मुठीत धरून माझ्या बाजूला उभी राहिली. “चला,” म्हणाली. मी चालले. दारापर्यंत झोकात गेले. हॉलच्या मध्यावर पोचले आणि माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला, काहीतरी टेकायला. तिथे काहीच नव्हतं. पायांना काही कळेना. त्या पोरीने पट्टा आवळून मला सावरलं म्हणून बरं.

मला खुर्चीत बसवलं. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बघितलंत ना मॅडम? नाही जमणार तिला.” तो रागावला असता तर मी भांडले असते. पण तो घाबरला होता. त्याच्याशी काय भांडणार? मनात म्हटलं, संपलं. गेलं घर.

पोरगी माझ्यासमोर उकिडवी बसली. “मावशी, हात कशाला टेकणार होतात?”

“हात? कुठे काय!”

“आत्ता, मधे. तिथे आधी काय होतं?”

मी विचार केला. “शिलाई मशीन.”

“ते गॅलरीत ठेवलंय,” मुलगा म्हणाला. “वाटेत होतं.”

“परत आणा,” ती म्हणाली. “सगळंच परत आणा, जिथे होतं तिथे.”

आदल्या दिवशी घाम गाळून हलवलेलं सामान नवराबायकोने पुन्हा घाम गाळून जागेवर आणलं. मुलगा पुटपुटत होता, सून हसू दाबत होती. मग पोरीने मला पुन्हा चालायला लावलं, पट्टा तिच्या मुठीतच. या वेळी मी माझ्याच हाताकडे बघत होते. दाराची चौकट, मशीन, टेबलाचा कोपरा, खुर्चीची पाठ, फ्रीज. हात न विचारता एकेका ठिकाणी जात होता आणि पाय मुकाट त्याच्या मागून. मला हे ठाऊकच नव्हतं, शपथ. कधीच काही न धरणारी मी, घराला या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून जगत होते. माझे कान तापले.

ती मात्र खुशीत होती. जिथे जिथे हात टेकला तिथे तिने निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि ती वस्तू गदागदा हलवून बघितली. मशीन तसूभर हललं नाही. “हे राहू दे.” खुर्ची सरकली. “ही नको.” फ्रीजचं हँडल धरून भार दिला तर दारच उघडलं. “हा तर लबाड आहे.”

मग आम्ही बाथरूममध्ये गेलो. मुलाने भिंतीतली दोन भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली होती आणि खाली रबराची चटई टाकली होती. तिने भोकांवरून बोट फिरवलं. “इथे काय होतं?”

“टॉवेलची दांडी,” मुलगा म्हणाला. “आई साबणावरून घसरली ना, तेव्हा तीही उखडली.”

“आधी मावशी पडल्या, की आधी दांडी उखडली?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. सूनही. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. म्हातारी पडली म्हणजे साबणावरून घसरली असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवलं आणि मीही होऊ दिलं. साबणावरून कुणीही घसरतं, त्यात कमीपणा नाही. पण मला स्टुलावरून उठायला आधार लागतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि आता सांगितलं तर घर हातचं जाणार, हे मला उघड दिसत होतं. ‘आधी पडले’ एवढंच म्हणायचं होतं. पण मी आयुष्यात कुणाला खोटं तिकीट फाडून दिलं नाही, आणि हिला तर मी शब्द पाळायच्या बोलीवर घरात घेतलं होतं.

“आधी दांडी,” मी म्हटलं. “स्टुलावरून उठताना रोज धरायची मी ती. त्या दिवशी ती भिंतीतून निघून हातात आली. फरशी कोरडी होती. साबण डबीत होता.”

“आई, अगं सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का?”

पोरगी मुलाकडे वळली. “टॉवेलच्या दांडीने ओला टॉवेल पेलावा, माणूस नाही. तुमच्या आई घसरल्या नाहीत. आधार घेऊनच उठत होत्या, आधार कच्चा निघाला. तो पक्का करता येतो. हे मला आज कळलं नसतं तर मी इथे चटया टाकून गेले असते आणि त्या पुन्हा पडल्या असत्या.”

मी तरीही म्हटलं, “बसमध्ये मी कधी काही धरलं नाही हं.”

“पण लोकांना धरून उभं राहायला सांगत होतात ना?”

“चहा घेशील ना?” मी विचारलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आला. पोरीने माझ्या कोपराची, गुडघ्याची, बसल्या जागेची उंची टेपने मोजली होती आणि ती मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहून एकेक खूण करून घेत होती. बाथरूममध्ये दोन आधाराच्या दांड्या, एक उभी, एक आडवी. कमोडवर उंच बैठक, तिला मी सिंहासन म्हणते. स्टूल गेलं, रबरी पायांची खुर्ची आली. बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं फिरवलं, कडी काढली. मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला लांब कठडा. वरच्या फळीवरचे रोजचे डबे खाली आले, आणि माझी उंचावर चढायची हौस कायमची बंद झाली.

दांड्या बसल्यावर ती पोरगी स्वतः त्यांना लोंबकळली. मिस्त्रीने जीभ चावली. मग मुलगा पुढे झाला. त्याने दोन्ही हातांनी दांडी धरली आणि पाय भिंतीला लावून जीव खाऊन ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मग कपाळ भिंतीला टेकून तसाच उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतके दिवस ही भीती तो एकटा वागवत होता आणि मी त्याला नुसते टोमणे मारत होते.

व्यायाम झाले, वॉकर जाऊन काठी आली. पोरगी पुन्हा आली, मला सगळं घर फिरायला लावलं, उठबस करवली, चहा करवला, तो प्यायली, आणि म्हणाली, “मावशी इथे राहू शकतात. एकट्या.”

“जरा मोठ्याने म्हण,” मी म्हटलं. ती हसली आणि मोठ्याने म्हणाली.

घरी राहायला आले त्या दिवशी मी दार ओढून घेऊन अंघोळ केली. मुलगा बाहेर येरझारा घालत होता. “आई, झालं का?” मी उत्तर दिलं नाही, कारण गरम पाणी अंगावर घेताना मला कुणाशी बोलायचं नव्हतं. मग दांडी धरली, सगळा भार तिच्यावर टाकला आणि उठले. मला त्याची लाज वाटली नाही. उलट छाती फुगली. माझ्या घरात, माझ्या हाताने, मी उठले होते.

निघताना मुलाने विचारलं, “एक किल्ली माझ्याकडे राहू दे ना?”

“राहू दे, अडीअडचणीला. पण एरवी बेल वाजवायची.”

दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी ओट्यापाशी होते. “आले!” म्हणून ओरडले आणि निघाले. कठडा, मशीन, दाराची चौकट. वेळ लागला. बाहेर किल्ल्या खुळखुळल्या, कुलपाला लागल्याचाही आवाज आला, आणि मग शांत झालं. तो थांबला होता. मी घाई केली नाही. माझ्या चालीने दारापर्यंत गेले, दार उघडलं, आणि ज्या पोराला जन्मभर अरेतुरे केलं त्याला म्हटलं, “या. आत या.”