सहासष्ट पानांचा कळप

साधनाला संगणक कुणी शिकवला नव्हता. शिरूरच्या क्लासात ती टायपिंग शिकवायची. तिथला एक बंद पडलेला संगणक दुरुस्त करायला माणूस येईना, म्हणून एके दुपारी तीच त्याच्यासमोर जाऊन बसली. ते बसणं बारा वर्षं चाललं. अडतिसाव्या वर्षी, सन दोन हजारात, तिनं बंगळूरच्या संगणकशास्त्राच्या एका त्रैमासिकाला शोधनिबंध धाडला.

निबंधातली युक्ती तिच्या वडिलांची, म्हस्कूआबांची. आबा आता कवठे येमाईला कांदा करत, पण उमेदीत मेंढरांमागं फिरलेले. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले तर मेंढका एकेक मेंढरू तपासत बसत नाही. दोघं मेंढके दोन दिशांना चालू लागतात, आपापली साद घालतात, आणि मेंढरं आवाजामागं निघतात. मागं राहतात चार-दोन गोंधळलेली, तेवढीच हातानं निवडायची. साधनानं मेंढरांच्या जागी नोंदी घातल्या, सादेच्या जागी आकडेमोड, आणि मिसळलेल्या लाखभर नोंदी कशा झटक्यात वेगळ्या होतात ते बावीस पानांत मांडलं.

पहिल्या खेपेला निबंध न वाचताच परत आला. लिहिणारं कोण हे तपासणाऱ्यांना कळता कामा नये असा तिथला नियम, आणि हिनं तर शेवटी वडिलांचे गावासकट आभार मानलेले. संपादकांनी कळवलं, पुन्हा पाठवा. पण लिहिणाऱ्याची ओळख पटेल अशी काही खूण या वेळी आढळली, तर आम्ही वाचणार नाही.

तिनं आभार काढले. आपल्याच लेकराचं दृष्टीचं तीट पुसावं तसं वाटलं तिला. शिरूरला क्लासाशेजारच्या लालमहंमदमामांच्या दुकानात तीन झेरॉक्स प्रती काढल्या आणि एका शनिवारी पाकीट उघडंच आबांच्या हाती दिलं. तिला क्लासातून पोस्टाच्या वेळेत सुटता येत नव्हतं, आणि ते बाजाराला शिरूरला निघालेच होते. मामा त्यात फ्लॉपी टाकून, पाकीट चिकटवून रजिस्टर करणार होते. आबांनी विचारलं, यावर तुझं नाव कुठं हाय? ती म्हणाली, नाही, चालत नाही. आबांनी पानं उलटसुलट करून पाहिली.

संध्याकाळी ती घरी आली तर आबा अंगणात काडीनं नखातला गेरू काढत बसलेले.

"कशाला लावला गेरू, आबा?"

"तुझ्या कागदाला. वर कोपऱ्यात. आपली मेंढरांची खूण, ठिपका आन् खाली आडवी रेघ."

तिनं हळूच विचारलं, "पहिल्या पानाला?"

"समद्या. तीन कळप, बावीस-बावीसचे. सासष्ट झाले." मग काडी टाकून म्हणाले, "बिगरखुणेचं जनावर कुणी एवढ्या लांब धाडतं व्हय?"

सोमवारी ती मामांकडं गेली. त्यांनी पाकीट चिकटवताना ती खूण पाहिली होती. "मला वाटलं कॉलेजचा शिक्का असंल," ते म्हणाले, "म्हटलं, चांगला उमटलाय." पाकीट तर शनिवारीच गेलं होतं.

त्यानंतरचे पाच महिने साधना अर्धी इथं आणि अर्धी कुठंतरी होती. एसटीच्या खिडकीशी डोळा लागला की पानं दिसायची. पांढरीशुभ्र, कपाळावर लाल ठिपका, माळ उतरून दक्षिणेकडं निघालेली. त्यांच्या पायांचा आवाज येत नसे, नुसती सळसळ. कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या दारात ती उभी राहत, आतून कुणीतरी अनोळखी भाषेत साद घाली, आणि पानं माना वर करून ऐकत राहत. पुढं काय होई ते तिला कधी दिसलं नाही. कंडक्टर कवठ्याला उठवायचा.

खूण दिसली तर वाचणार नाहीत, हा नियम तिनं आबांना सांगितला नाही. वयानं थकलेल्या बोटांनी त्यांनी सहासष्ट वेळा ती रेघ सरळ ओढली होती.

पत्र आलं ते ऐन उन्हाळ्यात. तपासणारे तिघं. पहिल्याला निबंध आवडला. तिसऱ्यानं दोन आकडे दुरुस्त केले. दुसऱ्यानं लिहिलं होतं, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक लाल चिन्ह आहे, त्याची व्याख्या कुठंच दिलेली नाही. ती द्यावी किंवा चिन्ह गाळावं. एवढं केलं की निबंध छापू.

साधना पायरीवर बसून कितीतरी वेळ हसली आणि डोळे पुसले. मग कागद-पेन घेऊन आबांजवळ गेली. आपली खूण असं लिहिता येणार नव्हतं, नाव तर नाहीच नाही.

"आबा, या खुणेचा अर्थ काय?"

आबांनी विचार केला. "अर्थ म्हंजी... हे चुकून आलं असंल, तर परत धाडा. वाट बघणारं कुणीतरी हाय."

तिनं ते तसंच इंग्रजीत उतरवलं, तिसऱ्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरांत.

नव्या तीन प्रती आल्या तेव्हा तिनं स्वतःच वाटीत गेरू कालवला आणि आबांच्या पुढ्यात ठेवला. खुणा केलेली पानं अंगणभर वाळत पडली, प्रत्येकावर एकेक खडा. वाऱ्याची झुळूक आली की सगळी एकदमच जराशी उठायची, आणि पुन्हा बसायची.