एकतारीचा आवंढा

तार नसलेली एकतारी वाजते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. माझ्याबरोबर आणखी तीनेकशे जणांनी ऐकलं. कामठीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मंगल कार्यालय आहे. तिथे दर गुरुवारी सकाळी नादमहाराजांचा दरबार भरायचा. चपलांचा ढीग दारापासून थेट पानठेल्यापर्यंत. आत चौरंगावर भोपळ्याची जुनी एकतारी, तिची तार मुद्दाम तोडून खुंटीला गुंडाळलेली. आजाऱ्याने भोपळ्यावर हात ठेवायचा, महाराजांनी डोळे मिटायचे. आजार जायचा असेल तर एकतारी आपोआप घुमणार. नाही घुमली तर पुढच्या गुरुवारी या.

घुमता घुमता मध्येच तिचा आवाज क्षणभर बसायचा आणि मग दुप्पट जोराने वर यायचा.

"आवंढा गिळला पाहा," माझ्या शेजारी बसलेल्या वच्छलाबाई हात जोडून म्हणाल्या. "महाराज त्याच वक्ताले बिमारी गिळून घेतात."

मी तिथे गेले होते प्रेमिलाताईपायी. ती माझी थोरली बहीण. तिची पायल बारा वर्षांची आहे आणि सातव्या वर्षापासून तिला फिट येतात. गोळ्यांमुळे गेली दोन वर्षं एकही आली नव्हती. पण डॉक्टर "गोळ्या चालू ठेवा" म्हणायचे, "बरी झाली" म्हणायचे नाहीत, आणि ताईला तेवढंच ऐकायचं होतं. दोन गुरुवार ती एकटीच जाऊन आली होती, तिसऱ्याला मलाही ओढलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. त्यांची नात नारळ घेऊन रांगेत उभी, आणि तिच्यामागे मी, दातओठ खात.

महाराज ताडताड चालत आले. गादीवर मांडी घालून बसले, गुडघ्यांवरून शाल ओढून घेतली आणि सुरू झाले.

"आम्ही काही करत नाही, बेटा. नाद करतो. रोग म्हणजे काय? अडकून पडलेला नाद. डॉक्टर लोक त्यावर गोळ्यांचं झाकण लावतात. झाकण काढा, नाद मोकळा होईल."

मोरी तुंबल्यावर येणारा माणूसही याच भाषेत बोलतो, फक्त त्याच्या पाया कोणी पडत नाही.

पायलने भोपळ्यावर हात ठेवला. एकतारी हळूहळू घुमायला लागली, चढली, आवंढा गिळला आणि हॉलभर पसरली. ताई हुंदके देऊन रडायला लागली. मीही गार पडले, पण माझं कारण वेगळं होतं. तो आवंढा माझा होता.

शहरात सदर भागात माझं एका खोलीचं वर्कशॉप आहे. गिटार वाजवणाऱ्यांसाठी मी पायाने चालवायची यंत्रं बनवते. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून आवाज बदलायचं आणि चढवायचं काम पायाकडे येतं. त्यातलं एक्स्प्रेशन पेडल म्हणजे शिलाई मशीनच्या पायडलसारखी पट्टी. जितकी दाबाल तितका आवाज चढतो. प्रत्येकाचा पाय वेगळा, म्हणून प्रत्येकाचं पेडल वेगळं. कुणाला जड लागतं, कुणाला लोण्यासारखं.

मागच्या वर्षी पंचविशीतला ऋषिकेश माझ्याकडे आला. "मॅडम, माह्या काकांचे पाय गेले. खुर्चीवर बसता येत नाई. मांडी घालून बसले तर फक्त गुडघा हालते. पण त्यांले वाजवाचं आहे." त्याला गादीखाली मावेल असं चपटं पेडल हवं होतं. दाबल्यावर कट् असा आवाज नको, आणि चालू असल्याचा दिवाही नको.

दिवा कशाला नको, हे मी विचारलं नाही. न पाहिलेल्या काकांची मला अशी दया आली की बारा दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खरखर होऊ नये म्हणून घासणारा भागच काढला. पट्टीला लोहचुंबक आणि खाली ते जवळ आलेलं ओळखणारा सेन्सर बसवला. पट्टी किती दाबली की आवाज किती चढावा, याचे आकडे चिपमध्ये एकाखाली एक लिहिले. त्यात एका जागी चाळीसऐवजी चार पडलं. तिथे आवाज कोसळतो आणि पुढच्या आकड्याला पुन्हा वर येतो. हे लक्षात आलं तोवर ऋषिकेश पेडल घेऊन गेला होता. मी फोन करून म्हटलं, "आणून दे, दोन मिनिटांचं काम आहे." तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, काकांले तेच आवडून राहिलं."

आवडणारच. माझ्या चुकीवर त्यांचा अर्धा चमत्कार उभा होता.

मग मी तेव्हाच उठून गादी का उचलली नाही? भीती वाटली. तीनशे माणसं हात जोडून बसली होती. आणि लाज वाटली, की ही वस्तू मीच बनवली हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल. पुढे जे झालं ते माझ्या या गप्प बसण्याने झालं, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

परतताना शेअर ऑटोत मी ताईला सगळं सांगितलं.

"ताई, ते मशीन आहे. म्या बनवलं."

"तुले सगळ्यात वायरच दिसते, सोनिका."

"गोळ्या नको बंद करू वं."

"पाच वर्षं झाले देऊन राहिली. वर्गात झोपते पोरगी. पेन धरला का हात थरथर कापते तिचा. कोणी म्हणत नाई का बरी होईन. या माणसानं म्हटलं."

"खोटं म्हटलं."

"म्हटलं तरी सही," ताई म्हणाली. घरी गेल्यावर तिने गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मी ऋषिकेशला सारखे फोन केले, त्याने उचलले नाहीत.

रविवारी दुपारी पायल पोळ्या शेकताना पडली. कपाळ ओट्याच्या कडेला आपटलं, डावा तळहात तव्यावर गेला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत फिट थांबली नव्हती. डॉक्टर ताईवर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "या गोळ्या अचानक बंद केल्या की आजार दुप्पट उसळतो. या वेळी पोर वाचली." कपाळाला सहा टाके पडले. तीन दिवसांनी घरी सोडलं, तेव्हा गोळ्यांची पिशवी ताईने घेतली नाही, मी घेतली. पुढे देणार का, यावर ती काही बोलायला तयार नव्हती. दरबारातून तिला निरोप आला होता, की जाता जाता आजार शेवटची लाथ मारून जातो, गुरुवारी या.

"एक खेप विचारू दे मले," ती म्हणाली.

त्या गुरुवारी मी जुन्या स्पीकरचं चुंबक ओढणीच्या टोकात बांधून नेलं. रांगेत ताईच्या पुढे शिरले. महाराजांच्या गुडघ्याजवळ डोकं टेकलं आणि ओढणीचं टोक अलगद गादीवर ठेवलं. चौरंगाजवळ कोणी नव्हतं. एकतारी घुमली.

महाराज दचकले. त्यांनी गुडघा उचलला, तरी ती घुमतच राहिली. मी टोक पुढेमागे केलं तसा एक आवंढा, मग दुसरा, मग तिसरा. एकतारीला उचकी लागली.

मला वाटलं होतं, आता लोकांना कळेल. लोक माझ्या पाया पडायला लागले. "माताजी," म्हणत एका बाईने तिचं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. त्या बाळाच्या अंगात ताप होता. तेव्हा मी जितकी घाबरले, तितकी महाराजांनाही कधी घाबरले नव्हते.

मी बाळ परत दिलं, गाठ सोडली आणि चुंबक पुढेच बसलेल्या वच्छलाबाईंच्या हातात दिलं. "मावशी, तुम्ही धरा. इथं, गादीजवळ."

त्यांनी धरलं. एकतारी घुमली. हात मागे घेतला, ती गप्प झाली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं.

"माह्या हातानं?" त्या हळूच म्हणाल्या. "म्या तर आज आंघोळ बी नाई केली."

मग मी गादी उचलली. सेवेकरी धावले, पण आता पुढची माणसं वाकून बघत होती आणि त्यांना वाट मिळेना. गादीखाली पेडल. पेडलची वायर सतरंजीखालून चौरंगाकडे. चौरंगाच्या पोटाला खालून एकतारीचा आवाज भरलेली एक लहान डबी आणि पडदा नसलेला स्पीकर चिकटवलेला, जो ज्याला लावाल त्या लाकडालाच बोलायला लावतो. वरचा पोकळ भोपळा तो आवाज मोठा करायचा. एवढाच नाद.

"यंत्र हे माध्यम आहे, बेटा," महाराज सावरून म्हणाले. "नाद कुठल्याही वाटेनं येतो." तीनचार माना डोलल्याही.

मी पेडल उलटं केलं. प्रत्येक पेडलच्या पाठीवर मी कोरते तसं तिथे कोरलेलं होतं: सोनिका, सदर, क्रमांक ४१. "मग या वाटेवर माझं नाव काहून आहे?" मी विचारलं. महाराज उठले आणि मागच्या दाराने निघाले. ऋषिकेशचे ते पाय गेलेले काका भलतेच भरभर चालत होते.

अर्धे लोक निघून गेले. अर्धे तसेच बसून राहिले, त्यांना अजून काहीतरी होईल असं वाटत होतं. मी पोलिसांत तक्रार दिली आणि वस्तू बनवणारी म्हणून माझंच नाव लिहून दिलं.

ताई बाहेर चपलांच्या ढिगाजवळ पायलला घेऊन उभी होती.

"म्हणजे बरी नाई झाली ते," ती म्हणाली.

"नाई."

"होईन का?"

तिला हवं ते एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर माझ्यात आणि त्या गादीवरच्या माणसात काय फरक राहिला असता?

"माहीत नाई ताई. डॉक्टरले बी माहीत नाई. गोळी घेतली तर पडत नाई, एवढं माहीत आहे. हात कापते ते डॉक्टरले सांगू, गोळी बदलून पाहू."

पायलने पट्टी नसलेला हात पुढे केला. "दे ना मावशी. सकाळची राहिली."

मी पिशवी उघडली. ताईने माझ्या हातातून गोळी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मग स्वतः पाण्याची बाटली उघडून पायलला दिली. माझ्याशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

माझं सांगणं थोडकं आहे. "नक्की बरं होईल" म्हणणारा माणूस गादी उचलू देत नसेल, तर त्याच्यासमोरून उठा. "माहीत नाही" म्हणून गोळी देणाऱ्यावर खुशाल चिडा, पण गोळी घ्या. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एकदा चौरंगाखाली वाका. आणि माझ्यासारखे वस्तू बनवून पोट भरणारे असाल, तर दया येण्याआधी समोरच्याला विचारा, की बाबा, दिवा कशाला नको?