सकाळचा चहा आणि वहिनीची गोळी

मी नगरच्या सरकारी कॉलेजात आहारशास्त्र शिकते, हे केडगावच्या आमच्या गल्लीत अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. "सैपाक शिकायला कॉलेज लागतंय व्हय?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी मोजणं सोडलंय. त्यात सगळ्यांच्या पुढे माझी आई, छबूबाई. पोरगी गोल भाकरी थापायला लागली तरी कॉलेज पावलं, असं तिचं मत.

पण यंदा त्या शिक्षणाचा कस लागायची वेळ आली. सविता वहिनीला चौथा महिना होता आणि अंगात रक्त कमी. हिमोग्लोबिन आठ. मागच्या बाळंतपणात असंच रक्त कमी पडलं, वहिनी जेमतेम वाचली आणि बाळ गेलं. या वेळी दहाच्या वर गेलंच पाहिजे, असं दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं. मला फार भीती वाटत होती.

मी कंबर कसली. गूळ-शेंगदाणे, मेथी, शेवग्याची भाजी, मटकीची उसळ, पुस्तकात होतं ते सगळं वहिनीच्या ताटात आणलं. माझा भाऊ, वहिनीचा नवरा अंगददादा बाजारातून पिशव्या आणून आणून वैतागला. लोहाची गोळीही रोज चालू होती. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं, तर आठच.

"काय उजेड पाडला तुझ्या कॉलेजानं?" आई म्हणाली.

मला रडू आलं, रागही आला, आणि दोन्ही मी वहिनीवर काढलं. "गोळ्या फेकून देतेस ना तू?" ती उठली आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट माझ्यापुढे ठेवून गेली.

कॉलेजात मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "ती काय खाते ते सांगितलंस. कधी खाते, कशाबरोबर खाते, ते बघितलंस का?"

मी कुठली बघणार? प्रॅक्टिकलच्या नावाखाली मी सकाळी सगळ्यांच्या आधी घराबाहेर पडायचे. म्हणून रविवारी स्वयंपाकघरात ठाणच मांडलं. आईने आलं ठेचून घट्ट चहा केला आणि मोठा कप भरून वहिनीला दिला. वहिनीने त्यात बाजरीची भाकरी कुस्करली, आणि शेवटच्या घोटाबरोबर गोळी गिळली. पाण्याबरोबर घेतली की तिला मळमळायचं, म्हणून ही युक्ती आईने काढलेली. दुपारी ताटावरून उठते न उठते तोच पुन्हा कप हजर.

"आई, चहानं लोह अंगी लागत नाही! गोळी वाया, भाकरी वाया, माझी मेथीसुद्धा वाया!" मी ओरडलेच.

आईचा चेहरा पडला. "म्हंजी मीच पोरीचं रक्त आटवत हुते व्हय?" ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि दिवसभर गॅसकडे फिरकली नाही.

संध्याकाळी वहिनी माझ्याजवळ आली. ती पाथर्डीकडची, सासूला आत्या म्हणणारी, एरवी बोलायला कंजूष. "बाळ गेलं तवा मी कुनाशीच बोलत नव्हते. आत्या रोज सकाळी कप घिऊन माझ्याजवळ येऊन बसायच्या. बोलायच्या न्हाईत, नुसत्या बसायच्या. तू चहा बंद कर, ज्योती. पर ते बसनं बंद करू नगं."

दुसऱ्या दिवशी मी नवी रीत लावली. सकाळी उसळ-भाकरी आणि गोळी, बरोबर लिंबूपाणी. लिंबाने लोह अंगी लागतं आणि मळमळही थांबते. चहा नंतर, दोन-अडीच तासांनी, नुसता. "आणि तो तूच करायचास," मी आईला म्हटलं. तिने लिंबू कापायला घेतलं.

दोन महिन्यांनी आईही दवाखान्यात आली. वहिनीचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं! मला तिथेच नाचावंसं वाटलं. आई तर रांगेतल्या बायकांना शिकवायलाच लागली. "चहासंगं गोळी घिऊ नगा गं. माझी पोरगी कॉलेजात शिकती, तिनं सांगितलंय." आणि त्याच तोऱ्यात तिने सिस्टरपुढे बोट धरलं. "माझं बी बघा की. मी तर धडधाकट हाय."

सिस्टरनी दोनदा तपासलं. आईचं सात निघालं.

आई हसली, पण तिचं हसू लगेच विरलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली भाकरी आणि वर चहा, हेच तिचं जेवण. ते मी जन्मापासून बघत होते, आणि तरी मला कधी दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी तिलाही तपासलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने लिंबूपाण्याचे दोन पेले भरले आणि दोन ताटं वाढली.

"मला कशाला? माझं काय आता," आई उठायला लागली.

वहिनीने तिचा हात धरला. "बसा, आत्या. आता मी बसते तुमच्याजवळ."