पांढरं राहिलेलं पाणी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बोरओहोळ ग्रामपंचायतीच्या पायरीवर काचेच्या पेल्यातलं पाणी पिवळं झालं.

पेला भैरूमहाराजांच्या डाव्या हातात होता. उजव्या हातातल्या चिमुकल्या बाटलीतून त्यांनी दोन थेंब सोडले, पेला गोल फिरवला, आणि नितळ पाण्याला हळद कालवल्यासारखा रंग चढला.

"हळदाईच्या नावानं..." महाराज ओरडले.

"चांगभलं!" गर्दी ओरडली.

पाणी उपसरपंच रविराज यांच्या घरच्या नळाचं होतं. रविराजांनी गॉगल कपाळावर सरकवून पेला डोक्याला लावला आणि फोटो निघेपर्यंत तसाच धरून ठेवला.

कुरुळीपासून दुचाकीवर पाव तासाच्या या गावात त्या दिवशी ग्रामसभा होती. नीट सांगायचं तर तहकूब ग्रामसभा. आधीची सभा माणसं न जमल्यामुळे पुढे ढकलली होती, आणि ढकललेल्या सभेला कायद्यानं माणसं लागत नाहीत. चार डोकी आली तरी ठराव पक्का. म्हणून ग्रामसेवकानं नेहमीप्रमाणे मोजक्याच खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. पण कंपन्यांतले फर्स्ट शिफ्टवाले दांडी मारून आले, नाईटवाले न झोपता आले, बायका पोरं काखेला मारून आल्या. दिवाबत्ती, घंटागाडी, घरपट्टी हे विषय कुणाला ऐकायचे नव्हते. सगळे शेवटच्या 'ऐनवेळच्या विषयां'साठी आले होते. ते दोन होते. हळदाईच्या सभामंडपाला गावठाणातली जागा देणे, हा पहिला. शकूचा नळ तोडणे, हा दुसरा.

शकू घंटागाडीला टेकून उभी होती. तिची सहा वर्षांची तेजल पिंपरीच्या दवाखान्यात सलाइनवर होती. जुलाब-उलट्यांनी पोरगी कापसासारखी झाली होती. नवरा गेनू तिच्या उशाशी बसलेला. सकाळी शेजारणीचा फोन आला, "शकू, तुजा नळ तोडत्यात आज, ये," म्हणून ती पहिल्या मिळालेल्या रिक्षानं आली होती. आपण रागावलो आहोत का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. कानात कापूस घातल्यासारखा गर्दीचा आवाज लांबून येत होता.

महाराज गावात आले ते पावसाळा सरता सरता. ओढ्यापलीकडच्या बोअरवेलजवळ त्यांनी शेंदूर फासलेला दगड हळदाई म्हणून मांडला आणि घरोघर फिरून पाण्याची परीक्षा सुरू केली. 'आईचं तीर्थ' दोन थेंब. वरच्या आळीत ज्या नळावर जावं तिथं पाणी पिवळं. बायकांनी ते पाणी बाटल्यांत भरून देव्हाऱ्यात ठेवलं. खालच्या आळीत मात्र पाणी पांढरंच्या पांढरं. हळद नाही, रंग नाही. आणि खालच्या आळीतच पोरं आजारी पडत होती. गावाला आणखी काय पुरावा हवा? खालच्या आळीची पाइपलाइन शकूच्या अंगणातून आत शिरते. महाराजांनी तिथं उभं राहून डोळे मिटले, नाक उडवलं आणि निकाल दिला, "दोष इथून आत येतोय."

तेव्हापासून, घरच्या नळाला पाणी नसताना शकू सार्वजनिक नळावर गेली, की तिची कळशी बघून बाकीच्या कळश्या मागे सरकत होत्या.

"तर मंडळी," महाराज आता पायरीवर चढले, "आई म्हणजे काय? आई म्हणजे टॉवर. आणि तुमचं घर म्हणजे मोबाइल. रेंज हाय तिथं हळद, रेंज न्हाई तिथं पांढरं. आता एका घरानं लाईन खराब केली, तर आख्ख्या आळीची रेंज जाती का न्हाई?"

"जाती!" कुणीतरी म्हणालं.

"मग ते कनेक्शन काय करायचं?"

"कट!"

"मी न्हाई म्हटलं. आई म्हणली."

सरपंच शालनबाई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. बाई साठीच्या, जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून निवडून आलेल्या. त्यांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकानं रविराजांकडे. रविराज म्हणाले, "लिवा की मग. सूचक कोण, आबाजी?"

"मी कशाला?" म्हातारे आबाजी म्हणाले. "मी निस्ता बघाया आलोय."

"मला बोलायचंय," मागून आवाज आला.

उपकेंद्राच्या डॉक्टर उत्कर्षा गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. खालच्या आळीतली पाच-सहा पोरं त्यांनीच तपासून पुढे पाठवली होती. त्यांच्या हातात पाण्याची एक बाटली होती.

"मॅडम, सभा चालूय," रविराज म्हणाले.

"पाण्यावरच चालू आहे ना? मग मी योग्य सभेला आलेय." उत्कर्षांनी बाटली उंच धरली. "हे शकूताईंच्या नळाचं पाणी. आत्ता येताना भरलं. महाराज, टाका दोन थेंब."

महाराजांनी त्यातलं थोडं पेल्यात घेऊन हसत हसत थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. गर्दीतून 'च् च्' असा आवाज निघाला. शकूनं मान खाली घातली नाही. तिला ते सुचलंच नाही.

"आता तुमच्या पायाशी ठेवलेल्या त्या कलशातलं. कुठलं पाणी आहे ते?"

"आईच्या स्थानावरच्या बोअरचं. धरतीच्या पोटातलं. कुणाचा हात लागलेला न्हाई त्याला."

"मग हे तर रविराजभाऊंच्या पाण्यापेक्षा पिवळंधमक होणार."

महाराजांनी बाटलीचं बूच लावलं. "ताई, आईची परीक्षा घेत न्हाईत."

"अवं महाराज," आबाजी म्हणाले, "आमच्या घरात शिरून घेतली ती मग काय व्हती? आमची आई येगळी का?"

हशा पिकला. "टाका की राव!" मागून पोरं ओरडली. "एक डाव व्हऊन जाऊ द्या!"

महाराज बाटली मुठीत घट्ट धरून उभे राहिले. तेव्हा उत्कर्षांनी पर्समधून स्वतःची बाटली काढली. तशीच चिमुकली, तसंच बूच, फक्त हिच्यावर लेबल शाबूत होतं. त्यांनी आधी रविराजांच्या नळाचं उरलेलं नितळ पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, म्हणजे दोन्ही बाटल्यांत एकच माल आहे हे सगळ्यांना दिसावं. पाणी पिवळं झालं. मग कलशातलं पाणी पेल्यात ओतून त्यात टाकले.

पांढरं.

"आई महाराजांवरच कोपली!" एका बाईनं पदर तोंडाला लावत म्हटलं, आणि सगळं अंगण हसलं.

प्रीतम नावाचा कंपनीत असलेला तरुण गर्दीतून पुढे आला आणि महाराजांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागला. "थांबा, थांबा. भावा, तू काळेवाडीत पाण्याचे फिल्टर विकायचास ना? दाढी नव्हती तेव्हा. माझ्या मेहुण्याच्या घरी आलेलास. असेच थेंब टाकलेस, पाणी पिवळं झालं, आणि म्हणालास, 'बघा, तुमच्या पाण्यात विष आहे, फिल्टर घ्या.'"

"तिकडं इष आन् हिकडं हळद!" आबाजी म्हणाले. "दाढी वाढली तशी इषाची हळद झाली का काय?"

आता उत्कर्षांनी ग्रामसेवकाला आतून चिमूटभर पांढरी पावडर आणायला लावली. गावच्या टाकीत पाणी शुद्ध करायला टाकतात ती, गाव जिला टीसीएल म्हणतं. ती त्यांनी बाटलीत उरलेल्या शकूच्या पाण्यात कालवली. मग दोन थेंब. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शकूच्या नळाचं पाणी पिवळं झालं, रविराजांच्या पाण्यापेक्षाही गडद.

मागची माणसं पेला बघायला पुढे सरकली.

"झाला दोष दूर?" उत्कर्षा म्हणाल्या. "मी मंत्र म्हटला नाही, नारळ फोडला नाही. या बाटलीत पाणी तपासायचं औषध आहे. पाण्यात टीसीएल असेल तर रंग येतो, नसेल तर येत नाही. एवढंच ते सांगतं. देवीचा राग, लोभ, कुणाच्या घरचा दोष, यातलं काही त्याला कळत नाही. आणि हे औषध पिण्याचं नाही. अंगाला बरं नाही ते. देव्हाऱ्यातलं पिवळं पाणी कुणी तीर्थ म्हणून घेतलं असेल, पोरांना दिलं असेल, तर आता हात वर करू नका. नंतर उपकेंद्रात या. बाटल्या ओतून टाका."

दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं काखेतल्या पोराचं तोंड पदरानं पुसलं. पुन्हा पुसलं.

"आता माझं नीट ऐका," उत्कर्षा म्हणाल्या. "या माणसानं तुम्हाला फसवलं. पण त्याची परीक्षा खोटी नव्हती. तिनं खरंच सांगितलं होतं. तुम्ही ते उलटं वाचलंत. पिवळं म्हणजे आईची कृपा नाही, औषध पोचलंय. पांढरं म्हणजे पाप नाही, औषध पोचलेलं नाही. एवढे दिवस तुमच्या समोर दिसत होतं की एका आळीला औषध मिळत नाही आणि त्याच आळीतली पोरं आजारी पडतायत. असं दिसलं की माणसानं एकच गोष्ट विचारायची असते, का? तुम्ही 'का' असं विचारलं नाहीत, 'कोण' असं विचारलंत. म्हणून तुम्हाला एक बाई सापडली आणि पाणी तसंच राहिलं."

शकूनं टेकलेली पाठ घंटागाडीपासून सोडवली. ती पुढे आली तसे लोक बाजूला झाले. अंग चोरून नव्हे, वाट देत. फरक तिच्या लक्षात आला, पण आत काही हललं नाही. तिनं रविराजांना विचारलं. आवाज वर गेला नाही.

"भाऊ, मग आमच्या नळाला पावडर का येत न्हाई?"

रविराजांनी गॉगल डोळ्यांवर घेतला. "वहिनी, ते टेक्निकल असतंय."

"सांगा की. माजी पोरगी तिकडं पडलीया."

"टाकीचं पाणी खालच्या आळीला प्रेशरनं जात न्हाई. म्हणून जुन्या विहिरीची लाईन डायरेक जोडलीय. तात्पुरती."

"कवा?"

"गेल्या उन्हाळ्यात."

"विहिरीत पावडर?"

रविराजांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवक म्हणाला, "पावडर टाकीच्या हिशोबानं येते." विहीर त्या हिशोबात नव्हतीच.

यावर कुणी हसलं नाही. कारण त्या लाइनीसाठी चर खणताना गावानं पाहिलं होतं. जेसीबीच्या मागं पोरं धावली होती. वरच्या आळीनं आपल्या नळाला जोर वाढला म्हणून समाधान मानलं होतं, खालच्या आळीनं पाणी आलं म्हणून. आबाजींनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "व्हय," ते स्वतःशीच म्हणाले. "आमी बघितलं हाय."

शालनबाई सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलल्या. "नळ तोडायचा न्हाई. कुणाचाच. लिवा."

"तोडायचा नाही असा ठराव नसतो, बाई," ग्रामसेवक म्हणाला. "विषय तहकूब, असं लिहिता येईल."

"मग आदी विहिरीचं लिवा."

विहिरीचं लिहिलं गेलं. जुन्या विहिरीत रोज पावडर टाकावी, खालच्या आळीला टाकीवरून नवी पाइप नेण्याचं अंदाजपत्रक मागवावं. सूचक आबाजी, अनुमोदक प्रीतम, ठराव सर्वानुमते मंजूर. नळाचा आणि सभामंडपाच्या जागेचा, दोन्ही विषय तहकूब झाले. या सगळ्या गडबडीत महाराज पायरीवरून कधी उतरले, कुणाला कळलं नाही. कलश तिथंच राहिला होता.

शकू सभा संपायच्या आत दवाखान्याच्या वाटेला लागली. रिक्षात शेजारीण सोबत होती. "जिकलीस बाय तू," ती म्हणाली. शकूनं मान हलवली. डबा आणायचा राहिला, गेनू उपाशी असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

पुढची हकीकत अशी. महाराजांविरुद्ध पोलिसांत अर्ज गेला आहे. त्यांचा फोन बंद लागतो. देहूरोडच्या बाजूला एका वस्तीत पाण्याची परीक्षा करणारा एक बाबा आल्याचं प्रीतमला कुणीतरी सांगितलं. तो हाच का, याची खात्री झालेली नाही. वरच्या आळीतल्या देव्हाऱ्यांतल्या बाटल्या बऱ्याच घरांनी ओतल्या, काहींनी ओतल्या नाहीत. त्या बाटल्यांतला रंग आपोआप उतरला आहे. एक म्हातारी त्यालाही कोप म्हणते.

तेजल रविवारी घरी आली. भिंतीला धरून चालते. भात नको म्हणते, पेज घेते. सार्वजनिक नळावर शकूच्या कळशीला आता कुणी सरकत नाही. उलट, "आधी तू भर," असं म्हणतात. ती भरते, घरी नेते आणि उकळते.

ठरावानंतर दोन दिवस जुन्या विहिरीत पावडर पडली. मग पोतं संपत आलं, आणि उरलेली पावडर टाकीला लागते म्हणून तिकडं गेली. नवं पोतं मागवलं आहे, असं ग्रामपंचायत सांगते. पाइपचं अंदाजपत्रक अजून आलेलं नाही.

डॉक्टर उत्कर्षा रोज सकाळी उपकेंद्र उघडण्याआधी शकूच्या अंगणात येऊन दोन थेंब टाकतात. तेजल उंबऱ्यात बसून पेल्याकडे बघते. आज गुरुवार. आज सकाळी पाणी पांढरं राहिलं.