बुरुजामागची गादी

मी एक गादी आहे, जुनी आणि चांगली जाडजूड, पण माझ्यावर कुणी झोपायला येत नाही. माझ्यावर माणसं पडतात. तीही उंचावरून, मुद्दाम, आणि वर टाळ्या घेतात! मित्रांनो, ऐकून धक्का बसला ना? मलाही बसला होता. खरं सांगायचं तर या नाटकवाल्यांच्यात आल्यापासून मला धक्क्यांशिवाय दुसरं काही मिळालेलंच नाही. आणि शेवटचा जो बसला, त्यातून मी अजून सावरलेली नाही.

पिंजाऱ्याच्या दुकानात माझा कापूस पिंजला जात होता, तेव्हा मी मनात मांडे खात होते. एखाद्या घरी जाईन, माझ्यावर बाळं लोळतील, दुपारी कुणीतरी थकलेलं येऊन पाठ टेकेल. पण पिंजाऱ्याने माझ्यात नेहमीपेक्षा दुप्पट कापूस कोंबला, नाटक कंपनीच्या जुन्या तांबड्या पडद्याची खोळ चढवली आणि दाभणाने असे टाके घातले की विचारू नका. मग हातगाडीवर घालून मला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी आणून टाकलं. तिथे एक तरणाबांड नट उभा होता. त्याने मला पायाने चाचपलं, शिडीवर चढला आणि ना ओळख ना पाळख, पाठमोरा धाडकन माझ्यावर कोसळला. मी हबकलेच! तो मात्र कपडे झटकत उठला आणि गादी झकास आहे, असं सगळ्यांना सांगत सुटला.

तो नट म्हणजे आमचे राजेसाहेब. पुढे वय झालं, उड्या मारणाऱ्या राजपुत्राचं काम सुटलं आणि त्यांच्या वाट्याला म्हातारा राजा आला. तेव्हापासून मंडळी त्यांना राजेसाहेबच म्हणतात. आता त्यांचा मुलगा नाटक बसवतो, कंपनीही तोच चालवतो. सून राजकन्येचं काम करते. म्हणजे घरात सासरा आणि सून, आणि दिव्यांच्या उजेडात बाप-लेक.

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात सेनापती राजाला सिंहासनावरच भोसकतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी आतून बाहेरून हादरले. चार सैनिकांनी प्रेत उचलून आत आणलं, माझ्या शेजारी ठेवलं, आणि बघते तर काय, प्रेत उठून बसलं, मुकुट काढून डोकं खाजवलं आणि चहा मागू लागलं! म्हटलं, काय माणसं म्हणायची ही! पण राजेसाहेबांचा एक नेम होता. एकदा मेले की पुन्हा प्रेक्षकांना तोंड दाखवायचं नाही. खेळ संपल्यावर सगळे नमस्काराला पुढे जात, हे आतच राहत. मेलेल्याने मेलेलंच राहावं, नाहीतर लोकांच्या रडण्याची थट्टा होते, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी राजकन्या बुरुजावर चढते. रिकाम्या सिंहासनाकडे पाहून बापाला हाक मारते, डोळे मिटते, दोन्ही हात पसरते आणि पाठमोरी खाली जाते. लोकांना दिसतो तो दगडी बुरुज. खरं तर तो लाकडी चौकटीवर ताणलेलं रंगीत कापड आहे. त्याच्यामागे टणक फरशी, आणि फरशीवर मी.

सूनबाई पहिल्यांदा पडली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. एवढीशी बाई, एवढी उंची! पण ती नेमकी माझ्या मधोमध आली, क्षणभर पडून राहिली आणि तोंडावर हात दाबून हसू लागली. तेव्हापासून किती खेळ झाले, किती गावं झाली, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मी अंधारात फुशारून जायचे. माझ्याइतका भरवसा कुणावर टाकतं कोण?

माझी निगा तशी यथातथाच होती. कुणी चपला घालून माझ्यावरून जायचं, कुणी माझ्यावर बसून खायचं आणि हात मलाच पुसायचं. मला शिसारी यायची. पण खेळाआधी कंपनीचा सुतार मला जागेवर नीट मांडायचा, चारही कोपरे दाबून बघायचा आणि मग पडदा ओढायला पलीकडच्या बाजूला निघून जायचा. त्यानंतर मला हलवायची कुणाची छाती नव्हती.

मग राजेसाहेबांची पाठ धरू लागली. दुसऱ्या अंकात मेल्यावर त्यांना काही काम नसे. सूनच त्यांना एकदा म्हणाली की बाबा, खुर्चीत अवघडून बसण्यापेक्षा गादीवर जरा पडत जा, माझ्या उडीआधी उठलात म्हणजे झालं. सुतार कुरकुरला, पण मालकाचे वडील, त्यांना कोण बोलणार? ते मुकुट पोटावर ठेवून पडायचे आणि वेळेच्या बरेच आधी उठून मला हाताने सारखी करायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही. माझ्यावर पाठ टेकणारं पहिलं माणूस तेच.

त्या दिवशी दुपारचा खेळ होता. उकाडा असा की रंगवलेल्या चेहऱ्यांवरून रंग ओघळत होता. बुरुजामागे वाऱ्याचं नाव नाही, मागचं दार मात्र उघडं होतं आणि तिथे झुळूक येत होती. राजेसाहेब मेले, आत आले, घाम पुसला, आणि मित्रांनो, त्यांनी मला कोपऱ्याला धरून दाराकडे ओढलं! थोडं थोडं करत, कण्हत कुंथत, थेट उंबऱ्यापर्यंत. मला वाटलं, आता परत नेतील. मग नेतील. तर ते घोरू लागले.

माझ्यावर पहिली उडी ज्यांनी मारली, त्यांनीच हे करावं? मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. तिसरा अंक पुढे सरकत होता. शिडी करकरली. सूनबाई वर चढत होती. तिने बापाला हाक मारली आणि त्या हाकेने राजेसाहेब दचकून जागे झाले.

त्यांनी बुरुजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही हातांनी त्यांनी मला खेचलं. मी जराशी सरकले आणि त्यांची पाठ धरली ती धरलीच. ओरडावं तर ढोल सुरू झालेला, मागून मारलेली हाक वर पोचणार कशी? सुतार पलीकडे दोरीपाशी. वर सूनबाईने हात पसरले होते.

मग वाकलेले राजेसाहेब तसेच वळले, आणि मुकुटाशिवाय, छातीवर लाल रंगाचा डाग घेऊन, थेट उजेडात गेले.

मेलेला राजा चालत येतो म्हटल्यावर सगळ्या प्रेक्षागृहाचा श्वास एकदम आत ओढला गेला. तो आवाज मला दारापाशी ऐकू आला. ढोलवाल्याचा हात थांबला. त्या शांततेत राजेसाहेब बोलले, आणि तो राजाचा आवाज नव्हता.

"पोरी, मागे जाऊ नकोस. खाली काही नाही."

मग मालकाने पडदा पाडायला सांगितला.

मुलगा तणतणत आत आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भर खेळात मेलेला माणूस, कंपनीची अब्रू, असं काहीबाही तो बोलू लागला आणि बुरुजामागे येताच थबकला. त्याने उघडी फरशी पाहिली, उंबऱ्याशी पडलेली मी पाहिली. राजेसाहेब म्हणाले की मीच ओढली, वाऱ्याला. बस, एवढंच. सारवासारव नाही की काही नाही.

सूनबाई शिडी उतरून आली. जिथे मी असायला हवी होते तिथे ती उकिडवी बसली आणि फरशीवर तळहात टेकवला. बराच वेळ तिने तो उचलला नाही.

"मी निघालेच होते, बाबा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत राजेसाहेबांना खोटं मरताना मी रोज पाहिलं होतं, पण त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मला बाई रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मुलाने फर्मान काढलं की बाबांनी बुरुजामागे फिरकायचं नाही. सूनबाईने ते मोडून काढलं. ती म्हणाली, पडायचं मला आहे, बाबा गादीपाशीच उभे राहतील. आणि ते राहिले. दुसऱ्या अंकात मेल्यापासून ते ताठ उभे होते, दुखत्या पाठीने, माझ्यावर एक हात ठेवून. खाली बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

ढोल वाजला. सूनबाईने बापाला हाक मारली, हात पसरले, आणि मित्रांनो, तिने मान वळवून खाली पाहिलं.

तिला राग आला नव्हता. खेळाआधी तिनेच सासऱ्यांच्या पाठीला तेल चोळून दिलं होतं. तरीही तिने पाहिलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मी होते. ते होते. मग ती पडली. लोकांना त्यातलं काही कळलं नाही. मुलाने मात्र पाहिलं.

आता रोज तसंच चालतं. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एखादी वस्तू तुमच्या सोयीसाठी उचलाल, चार पावलं सरकवाल, तेव्हा तिच्या भरवशावर कुणी डोळे मिटून उभं नाही ना, एवढं आधी बघत जा. गादी परत जागेवर आणता येते. सुताराने मला त्याच दिवशी आणली. राजेसाहेबही तेव्हापासून एकदाही बसलेले नाहीत.

ती मात्र अजून दरवेळी बघूनच पडते.